निसर्ग वादळानंतरची पहिली पोय, आणि देवापुढे काय बोलायचं?

पोफळीखाली | ३ जून, रात्री ९:१०

आज पाच वर्षं झाली.

३ जून २०२०ला बुधवार होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर चढलं आणि अडीच-तीन तासांत सासऱ्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी राखलेली वाडी आडवी झाली. वीस गुंठे जागा, तीनशेच्या वर पोफळी, सव्वीस माड. त्यातले चार माड तेवढे उभे राहिले. आम्ही सात माणसं देवघरात दाटीवाटीने बसलो होतो, कारण घराचा तेवढाच भाग माळ्याखाली होता. कौलं उडायला लागली तेव्हा सासूबाई समईभोवती दोन्ही हातांचा आडोसा करून बसल्या. समई विझली तरी त्यांनी हात काढले नाहीत.

वारा पडल्यावर मागचं दार उघडलं आणि समोर समुद्र दिसला. लग्न होऊन या घरात आले त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. गाज रोज ऐकायचे, पण मागच्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता. मध्ये वाडी होती ना.

नंतरचं सगळं इथल्या बहुतेकांनी भोगलंय. वीज नाही, त्यामुळे पंप नाही, पंप नाही म्हणून विहीर असून पाणी नाही. नुकसानभरपाई आधी हेक्टरी पन्नास हजारांच्या दराने, म्हणजे आमच्या वीस गुंठ्यांना दहा हजार. पुढे झाडामागे हिशोब झाला, पोफळीला पन्नास रुपये आणि माडाला अडीचशे. मोडलेली झाडं ओढून काढायलाच त्याहून जास्त गेले.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. त्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळीच्या रोपांपैकी एकीला परवा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, फुटली. विरी (पानाचं आवरण) गळून पडली आणि आतून पिवळसर पांढरा तुरा बाहेर आला. सासूबाईंना धरून वाडीत नेलं, त्यांनी नुसता हात लावला.

आमच्याकडे पहिलं फळ ग्रामदेवतेला वाहतात. मी नास्तिक नाही. पण पाच वर्षं देवळात हात जोडले की तोंडातून शब्दच फुटत नाही. "तू राखलंस" म्हणावं तर वाडी आठवते, "तू नेलंस" म्हणावं तर सातही माणसं जिवंत आहेत. वादळ, पूर, दरड यातून गेलेल्यांना मनापासून विचारते, तुमच्या श्रद्धेचं त्यानंतर काय झालं? टिकली, गेली, की बदलली? आणि तुम्ही दुसऱ्यांसाठी धावलात किंवा तुमच्यासाठी कोणी धावलं, त्याचा या सगळ्याशी काही संबंध लागला का?

---

खाजणातला | ३ जून, रात्री ९:३१

"मागच्या दारातून समुद्र दिसला". ताई, हे वाचून थांबलो. आमच्या आंजर्ल्याच्या घरातही हेच झालं. वडील त्या दारात पुढे वर्षभर बसले नाहीत.

---

सरळमार्गी | ३ जून, रात्री १०:०४

पोय फुटली, खूप आनंद झाला. श्रद्धेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

निसर्गच्या वेळी माणसं वाचली ती हवामान खात्याच्या अंदाजामुळे आणि आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या लोकांना शाळांमध्ये, पक्क्या इमारतींत हलवलं त्यामुळे. एवढ्या मोठ्या वादळात मनुष्यहानी इतकी कमी राहिली याचं श्रेय तिथे द्यायला हवं. "देवाने राखलं" म्हटलं की रात्रभर गावोगाव फिरणारा तलाठी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका सगळे विसरले जातात. आणि "देवाची करणी" म्हटलं की डोंगर कोणी खणला, नाला कोणी बुजवला, हे विचारायचं राहून जातं. मला याची भीती जास्त वाटते.

मदतीला मी स्वतः दोनदा गेलो आहे. त्यासाठी मला देव लागला नाही.

---

वाशिष्ठीकाठची | ३ जून, रात्री ११:२०

मी चिपळूणची, बाजारपेठेतली. २२ जुलै २०२१. धावणाऱ्यांबद्दल बरेच जण लिहितील, मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

आमचं कापडाचं दुकान खाली, आम्ही वर. २००५च्या पुराची खूण भिंतीवर होती, त्या खुणेच्या वर दोन हात सोडून सगळा माल लावलेला. पाणी त्याच्याही वर गेलं. पहाटे तीनला यजमान जिना उतरले आणि पाचव्या पायरीवरून परत आले. पुढचे वीस-बावीस तास आम्ही वरच्या खिडकीतून पाण्यात वाहून जाणाऱ्या गोष्टी बघत होतो. गॅसच्या टाक्या, कपाटं, एक अख्खी पानाची टपरी.

पाणी ओसरलं की खरा पूर सुरू होतो. गाळ! लोण्यासारखा मऊ, त्याला डिझेलचा, कुजलेल्या धान्याचा वास. ओला असेपर्यंत काढला तर निघतो, दोन दिवस उन्हात राहिला की कुदळ लागते. दुकानात गुडघ्याएवढा गाळ, त्यात साड्यांचे गठ्ठे. मी तीस वर्षं या पेठेत लोकांना साड्या दाखवत आले, आणि त्या दिवशी पाण्याच्या बाटलीसाठी रांगेत उभी राहिले. नंबर आला तेव्हा मान वर झाली नाही. देणारा मुलगा चांगला होता हो, त्याने "घ्या काकू" म्हटलं. पण मला वाटलं, माझ्या हातातून काहीतरी कायमचं गेलं.

तिसऱ्या दिवशी दापोलीकडची चार पोरं आली. त्यातल्या एकीने विचारलं, "काकू, तुमच्याकडे पावडी किती आहेत? आम्ही दोनच आणलीत." तिने मला काही दिलं नाही, माझ्याकडेच मागितलं. मी माळ्यावरून सासऱ्यांच्या वेळचं पावडं आणि दोन घमेली काढून दिली. चार दिवस ती पोरं आमच्या दुकानात राबली. मी त्यांना स्टोव्हवर पिठलं-भात करून घातला. तो पहिला घास वाढताना मी परत घरची बाई झाले.

ताई, तुम्ही श्रद्धेबद्दल विचारलंत. देवघरातले टाक गाळात सापडले, धुऊन परत मांडले. एवढंच. पण संध्याकाळी दिवा लावताना आता त्या मुलीचाही चेहरा समोर येतो. नाव विचारायचं राहून गेलं.

---

चाकरमानी_डोंबिवली | ४ जून, सकाळी ७:१५

वाशिष्ठीकाठची, तुमचा प्रतिसाद वाचून स्वतःची चूक कबूल करावीशी वाटते. आमच्या मंडळाने त्या आठवड्यात टेम्पो भरून जुने कपडे पाठवले होते. कपडे! साडीच्या दुकानांच्या पेठेत. रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडलेले त्यांचे ढीग मी नंतर स्वतः पाहिले.

तेव्हापासून आम्ही आधी तिथल्या माणसाला फोन करतो आणि तो सांगेल तेच नेतो. पुराला पहिल्या दोन दिवसांत तयार जेवण आणि पाणी. तिसऱ्या दिवसापासून पावडी, घमेली, खराटे, गमबूट, फिनेल, मेणबत्त्या, चटया, बायकांसाठी पॅड आणि नवे आतले कपडे. आठवड्याने कुकर, ताटं-वाट्या, गॅसची शेगडी. वादळाचं गणित वेगळं. निसर्गच्या वेळी लोकांना पहिल्या दिवशी ताडपत्री हवी होती, कारण छप्पर गेलेलं आणि पाऊस तोंडावर. मग पत्रे, कौलं, झाडं कापायचे कटर, आणि जनरेटर. आमच्या एका जनरेटरने मुरूडजवळच्या गावात चार दिवस विहिरीचं पाणी उपसलं आणि आळीपाळीने दीडशे मोबाईल चार्ज केले. मोबाईल चालू झाल्यावर एका आजोबांनी मुलाला मुंबईला फोन लावला आणि "मी आहे" एवढंच बोलून ठेवून दिला, बाकीच्यांना रांग होती म्हणून.

---

गाऱ्हाणेकर | ४ जून, सकाळी ८:४०

सरळमार्गी यांचा प्रतिसाद प्रामाणिक आहे, त्याला नमस्कार. पण पोफळीखाली ताईंना मी एक शब्द देतो, आमच्या सिंधुदुर्गातला. गाऱ्हाणं.

आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात. पंढरपूरचा माणूस भजन करेल, शहरातला प्रार्थना करेल, आम्ही गाऱ्हाणं घालतो. म्हणजे तक्रार! हा शब्द आम्हाला कधी खटकला नाही. देवळात गावकर किंवा गुरव उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो आणि सगळा गाव मागून "होय म्हाराजा" म्हणतो. त्यात कोणी एकट्यासाठी मागत नाही. बारा पाचाची वस्ती, पोरंबाळं, गुरंढोरं, मुंबैक गेलेले, वाट चुकलेले, सगळ्यांचं नाव येतं. काय चुकलं असेल ते सांभाळून घे म्हणतात, आणि काय बिघडलंय तेही खणखणीत सांगतात.

तौक्ते वादळाच्या वेळी, १६ मे २०२१ला, आमच्या देवगड भागात हापूसचा शेवटचा तोडा झाडावर होता. दोन दिवस आधी अक्षय्य तृतीया झाली होती. एका दिवसात आंब्यांचा सडा पडला. माझ्या आजोबांचं वय तेव्हा ब्याऐंशी. दुसऱ्या दिवशी ते देवळात गेले आणि त्यांनी घातलेलं गाऱ्हाणं मी ऐकलं. "म्हाराजा, वर्साचा पोट झाडार होता, ता तू भुईर घातलंस. आता लेकरांका काय घालूचा ता तूच सांग." लॉकडाऊन होता, मागे आम्ही चारच जण. चौघांनी "होय म्हाराजा" म्हटलं.

आणि तिथून बाहेर पडल्यावर आजोबांनी पहिलं काम काय केलं, तर वाडीतल्या विधवा काकीच्या घरावरचा माड तोडायला माणसं बोलावली. गाऱ्हाण्यात तिचंही नाव घेतलं होतं ना. गावाच्या वतीने बोललात की गावाचं करणं तुमच्यावर येतं.

तेव्हा ताई, शब्द फुटत नसतील तर तक्रारीने सुरुवात करा. देवाला त्याची सवय आहे.

---

खाजणातला | ४ जून, सकाळी ८:५५

होय म्हाराजा.

---

बंदरावरचा | ४ जून, दुपारी १:३०

मी हर्णैचा. आत्ताच बंदरावरून आलो, जेवताना वाचलं.

सरळमार्गी दादा, तुमचं अर्धं पटलं. ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ आलं तेव्हा आमच्या खूप होड्या बाहेर होत्या. तेव्हा सगळ्यांकडे वायरलेस नव्हता, खबर पोचली नाही. तौक्तेला काही दिवस आधीच खबर होती, होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन बांधल्या. त्या अंदाजाला आम्ही देवाइतकाच मानतो. आज कोणीही कोळी मोबाईलवर वाऱ्याचे बाण बघितल्याशिवाय दोर सोडत नाही.

पण फयानचं सांगतो. माझे वडील आणि काका दोन वेगळ्या होड्यांवर होते. वडील दोन दिवसांनी दुसऱ्याच बंदराला लागले. काकांची होडी आली नाही. आलेल्या होड्या, ज्यांची माणसं दोन दिवस झोपली नव्हती, पाणी पिऊन परत शोधायला निघाल्या. डिझेल कोणाचं, हिशोब कोण ठेवणार, काही बोलणं झालं नाही. सहा दिवस शोधलं. काका सापडले नाहीत.

पुढच्या नारळी पौर्णिमेला काकीच्या घरातून नारळ येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. ती आली. हातात नारळ, त्याला हळदकुंकू लावलेलं. कमरेएवढ्या पाण्यात गेली, नारळ सोडला आणि दर्याला मोठ्याने शिव्या घातल्या. जेवढ्या येत होत्या तेवढ्या. बँडवाले थांबले. कोणी तिला अडवलं नाही, कोणी हसलं नाही. शिव्या संपल्यावर पाण्याला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि घरी गेली. तिचा मुलगा आज माझ्याच होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आहे.

गाऱ्हाणेकरांनी लिहिलं ते हेच असावं. आमच्यात त्याला नाव नाही.

---

सरळमार्गी | ४ जून, दुपारी २:१०

बंदरावरचा, यापुढे वाद घालायला माझ्याकडे काही नाही. वाचतो आहे.

---

कोयनेचं_पाणी | ४ जून, दुपारी ३:४५

चिपळूणचा विषय निघाला म्हणून सांगतो. कोयना धरणाचं पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून वीज करून पश्चिमेला येतं, कोळकेवाडीत साठतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडे पूर्वेला वाहून जाणारं पाणी या छोट्या नदीला पेलावं लागतं. त्यात नदीचं पात्र गाळाने भरलेलं. आणि खाडीला भरती असली की पाणी पुढे सरकत नाही, शहरात पसरतं. अतिवृष्टी, गाळ, भरती आणि वरून येणारं पाणी, यातलं कशाचं किती हा वाद चालूच राहील. पण पुरानंतर चिपळूणच्या लोकांनी साखळी उपोषण केलं आणि वाशिष्ठी-शिव नदीतला गाळ काढायला लावला, नाम फाउंडेशननेही त्यात यंत्रं लावली, हे मला देवळात जाण्याइतकंच मोठं वाटतं. तिथे बसलेल्यांत कीर्तनकार होते, व्यापारी होते, शिक्षक होते.

---

वाशिष्ठीकाठची | ४ जून, दुपारी ४:०२

हो, आमचे यजमान रोज तास-दोन तास तिथे बसायला जायचे. दुकानावर "उपोषणाला गेलो आहे, बारा वाजता येतो" अशी पाटी लावून.

---

खाडीपलीकडून | ४ जून, सायंकाळी ६:२०

चिपळूणच्या त्या आठवड्याचं मी पण सांगतो. २० जुलैला आषाढी एकादशी होती, २१ला बकरी ईद, आणि २२च्या पहाटे पाणी. आमचा मोहल्ला जरा उंचावर, पण खालच्या गल्लीत पाणी शिरलंच.

ईदसाठी काढलेले मोठे डेग मशिदीच्या वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. अब्बांनी सकाळीच ठरवलं, चूल पेटवायची. शेजारी आमचे माळकरी गुरुजी, त्यांचं कुटुंब छतावर अडकलेलं. अब्बांनी पोरांना सांगितलं, डेग आधी राखेने घासा, मग चिंचेने, मग परत राखेने, आणि जोवर पूर आहे तोवर यात डाळ-भाताशिवाय काही शिजणार नाही. तीन वेळा घासले. मी स्वतः घासले, हात सोलून निघाले होते.

होडी नव्हती. ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर पाट बांधून पातेलं नेलं. गुरुजींनी विचारलं नाही कुठे शिजवलं, कशात शिजवलं. अब्बांनीच न राहवून सांगितलं, "गुरुजी, भांडी तीनदा घासून घेतलीत." गुरुजी म्हणाले, "एकदा घासली असती तरी चाललं असतं, अहो, मला भूक लागली होती." आणि दोघंही रडले. ते आजही भेटले की ही गोष्ट एकमेकांनाच सांगतात, जशी काही दुसऱ्याला माहीत नाही.

दुआ मागताना आता आमच्या घरात गुरुजींच्या गुडघेदुखीचं नाव असतं.

---

नाव_नको | ५ जून, रात्री १२:४८

हा आयडी फक्त हे लिहायला काढलाय.

जुलै २०२१मध्ये महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. तळीयेचं सगळ्यांना माहीत आहे, ऐंशीहून जास्त माणसं गेली. मी ज्या वाडीत गेलो होतो ती वेगळी, लहान, तिचं नाव लिहीत नाही. आमचा ट्रेकिंगचा ग्रुप होता. चिखल उपसायचा, जे सापडेल ते बाजूला ठेवायचं, हे काम.

एक म्हातारे गृहस्थ दिवसभर काठीवर टेकून उभे होते. त्यांच्या घरातलं कोण गेलं हे आम्हाला सांगितलं होतं. ते आम्हाला एकच विचारत होते, "टाळ दिसले का रे?" वाडीच्या भजनी मंडळाचे टाळ, मृदंग, पेटी त्यांच्या घरी असायचे. दिवसाच्या कार्याला भजन करायचं तर टाळ लागतील म्हणत होते. दुसऱ्या दिवशी मला एक टाळ सापडला. जोडीतला एकच, दोरी तुटलेली. मी धुऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाजवून बघायला दुसरा हात पुढे केला, आणि दुसऱ्या हातात काही नव्हतं.

त्यानंतर मी देवळात गेलो नाही. आईला दुखावतो, कळतं. लोक "त्याच्या मनात होतं" म्हणतात तेव्हा मला उठून जावं लागतं. इथे सगळ्यांना काहीतरी मिळालेलं दिसतंय. मला नाही मिळालं. ट्रेकलाही गेलो नाही परत.

---

सिस्टर_रोहा | ५ जून, सकाळी ६:०५

नाव_नको बाळा, पहाटेची ड्युटी संपवून वाचलं. आधी तुझ्यासाठी. चार वर्षं उठून जावं लागत असेल तर एकदा चांगल्या मानसोपचार डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट. मदतीला गेलेल्यांना जखमा होतात, त्यावर पट्टी करायची पद्धत आहे. मी स्वतः घेतलीय ती मदत. आणि "मिळालं नाही" म्हणून इथून जाऊ नको.

त्याच जुलैतल्या महाडच्या पुरानंतर मी तिथे पंधरा दिवस होते. बहुतेक वेळ गोळ्या वाटण्यात गेला. चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते, म्हणून डॉक्टर डॉक्सीसायक्लिन देतात. धनुर्वाताचं इंजेक्शन, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, पाणी उकळून पिणं. दिवसाला चारशे वेळा तेच बोलायचं. एका आजीने गोळी घेतली आणि खाल्लीच नाही. मी रागावले. तिने मला हाताला धरून घरात नेलं. घर म्हणजे तीन भिंती. कोनाड्यात ती गोळी देवापुढे ठेवली होती, तिला हळदकुंकू वाहिलेलं. म्हणाली, "आधी त्याला दाखवली, आता खाते. तुझ्या हातालाही लावू का?" आणि माझ्या हातमोज्यावर कुंकू लावलं.

मी तो हातमोजा टाकायचा होता तसा लाल पिशवीत टाकला. पण टाकायच्या आधी कपाळाला लावला.

---

डोंगरउतार | ५ जून, सकाळी ९:३०

मी भूगोल शिकवतो. नाव_नको यांच्या दुःखावर बोलायची माझी लायकी नाही. पण सरळमार्गी म्हणाले तसं, "त्याच्या मनात होतं" म्हणून थांबता येत नाही, म्हणून हे लिहितो. पावसाळा तोंडावर आहे, वाचणाऱ्यांनी गावच्या ग्रुपवर टाका.

आपल्या डोंगरांवर कठीण कातळावर मऊ झिजलेल्या मातीचा जाड थर असतो. दिवसचे दिवस पाऊस पडला की पाणी मुरत मुरत कातळापर्यंत जातं, तिथे तुंबतं, आणि वरचा थर घसरायला बघतो. त्या २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटर पाऊस झाला, आणि सावित्री तिथूनच महाडकडे उतरते. २००५मध्ये दासगाव, जुई इथेही संततधार पावसातच दरडी आल्या. त्यात पायथा कापून रस्ता किंवा घर केलं असेल तर उताराचा आधारच गेलेला असतो.

डोंगर आधी सांगतो. उतारावर नव्या भेगा दिसणं, झाडं किंवा खांब कलणं, दारं अचानक घट्ट बसणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा आटणं, नवीन ठिकाणी पाणी फुटणं. यातलं काही दिसलं तर गुरं सोडा आणि निघा, सामान बांधू नका.

आमच्या गावात मी हे शाळेत सांगून थकलो होतो, मोठी माणसं ऐकायची नाहीत. शेवटी गुरवकाकांना पटवलं. त्यांनी शिमग्याला पालखी घरी आली की प्रत्येक घरात सांगितलं, "आईची आज्ञा आहे, पावसात डोंगराला भेग दिसली तर रात्रीसुद्धा देवळात यायचं, दार उघडं असेल." गेल्या दोन पावसाळ्यांत तीन वेळा वरची वाडी देवळात झोपायला आली. एकदाही दरड आली नाही. तरी चौथ्यांदा येतील, कारण तिथे भाकरी आणि भजन असतं.

---

सरळमार्गी | ५ जून, सकाळी ९:५२

डोंगरउतार सर, हे आमच्या तालुक्यात करायला हवं. तुमच्या गुरवकाकांशी बोलायला येऊ का? खरंच विचारतोय.

---

गाऱ्हाणेकर | ५ जून, सकाळी १०:१५

नाव_नको, माझ्या आधीच्या प्रतिसादात सगळं सोपं करून लिहिल्यासारखं वाटत असेल तर माफ कर. तुझं हे लिहिणं हेच गाऱ्हाणं आहे. आम्ही मागे उभे आहोत.

---

वडाची_फांदी | ५ जून, दुपारी १२:३०

मी मुरूडची, वय ६८, नातीकडून टाइप करून घेते आहे. २०२०ला वादळानंतर दोनच दिवसांनी, ५ जूनला, वटपौर्णिमा होती. आमच्या आळीचा वड मुळासकट उपटून रस्त्यावर आडवा. रस्ता मोकळा करायला कटर घेऊन पोरं आलेली. आम्ही नऊ-दहा बायका सूत घेऊन उभ्या. पोरांनी विचारलं, आजी काय करू? आम्ही आडव्या खोडालाच सूत गुंडाळलं, वाकून, खालून हात घालून. मग बाजूला झालो आणि म्हटलं, काप आता. जाताना प्रत्येकीने हातभर फांदी नेली आणि लावली. माझी जगली नाही, शेजारणीची जगली. यंदा तिथेच जायचंय, तिच्या कुंपणाएवढा झालाय.

---

पोफळीखाली | ५ जून, रात्री १०:४०

तीन दिवस सगळं वाचते आहे, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. बंदरावरच्या दादांच्या काकींचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

आज देवळात गेले. सुपारी पिकायला अजून बरेच महिने आहेत, त्यामुळे वाहायला काही नव्हतं. रिकाम्या हाताने उभी राहिले आणि गाऱ्हाणं घातलं. आधी वाडीची तक्रार केली, झाडांची संख्या सांगितली. मग या धाग्यावरच्या सगळ्यांसाठी मागितलं. नावं माहीत नाहीत म्हणून आयडी घेतले. गुरवांनी "हे कोण?" असं विचारलं, पण मागून होय म्हाराजा म्हटलं. आमच्याकडे तशी पद्धत नाही, आज त्यांनी म्हटलं. नाव_नको, तुझ्यासाठीही मागितलं. तू मागायला हवंस असं नाही.

अजून एक. वादळात जे चार माड उभे राहिले, त्यांचे नारळ आम्ही विकत नाही. सासूबाईंचा हट्ट, ते बियाण्याला ठेवायचे. दरवर्षी रुजत घालतो आणि ज्यांची वाडी गेली त्यांना रोपं देतो, पैसे घेत नाही. यंदा अठ्ठावीस रोपं तयार आहेत. कोणाला हवी असतील तर सांगा. पाऊस लागला की लावायला हीच वेळ.

---

खाजणातला | ५ जून, रात्री १०:५८

ताई, मला दोन. वडिलांच्या दारासमोर.

---

नाव_नको | ६ जून, रात्री १:१५

त्या वाडीतल्या लोकांना आता नवीन जागी घरं मिळालीत. उघडं माळरान आहे. ते बाबा हयात आहेत, गेल्या वर्षी कोणीतरी फोन नंबर दिला होता, मी लावला नाही. मला पाच रोपं मिळतील का? मी स्वतः घेऊन जाईन. नारळ तिथे होईल ना? समुद्र लांब आहे.

---

पोफळीखाली | ६ जून, सकाळी ६:२०

होईल. महाडला घरोघरी माड आहेत. रविवारी ये, जेवायलाच ये.

खड्डा तीन फुटांचा आधी खणून ठेवायला सांग, तळाशी वाळू, राख आणि मूठभर मीठ. नारळ जेमतेम झाकेल एवढीच माती ओढायची, कोंबाच्या खोबणीत जाऊ द्यायची नाही. येताना गोणपाट आण, रोपांची मुळं उघडी पडू नयेत. आणि आधी बाबांना फोन लाव.